थेटराची मेंबरशिप परवडते का?

न्यूयॉर्कातल्या फिल्म फोरम या थेटराची मी बरीच वर्षं मेंबर आहे. हे कळलं की नातेवाईक आणि मित्रमंडळी पहिला प्रश्न हमखास एकच विचारतात, "परवडतं का गं?" या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते इथूनच आपापल्या कामाला लागतील. वर्षाची वर्गणी घ्या, तिला एका तिकिटामागे मिळणाऱ्या सवलतीने भागा. दर अधूनमधून बदलतात, पण माझा हिशेब नेहमी एक ते सव्वा डझनाच्या आसपास येतो. म्हणजे महिन्याला एक सिनेमा पाहिलात तर वर्गणी वसूल. वर्षाला चारच पाहणार असाल तर सरळ तिकीट काढा, तेच स्वस्त पडेल. संपलं उत्तर.

पण हा भागाकार मला दर वर्षी अपुरा वाटतो. एडिसनहून जायचं म्हणजे आगगाडीचं जाण्यायेण्याचं भाडं त्या सवलतीच्या कितीतरी पट होतं. ते धरलं तर मेंबरशिपच काय, सिनेमाला जाणंच परवडत नाही. तरी मी वर्गणी भरते. का भरते याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की थेटराला "मेंबर" असतात ही कल्पनाच मुळात सवलतीसाठी निघालेली नाही. ती निघाली पोलीस आणि सेन्सॉर यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी. ही गोष्ट मजेशीर आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या दादर-गिरगावापर्यंत येतो. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी थेटराबद्दल. पेन स्टेशनला उतरून एक नंबरची सबवे धरायची आणि खालच्या दिशेने सहाव्या स्टेशनवर उतरायचं, हाऊस्टन स्ट्रीट. (टेक्ससमधल्या शहरासारखं "ह्यूस्टन" म्हणालात की तुम्ही पाहुणे आहात हे समोरच्याला लगेच कळतं.) स्टेशनातून वर आलं की दोन पावलांवर थेटर. एखाद्याला पटकन दिसणारही नाही इतकं लहान. आत चिंचोळी लॉबी, पॉपकॉर्न, कॉफी, केक. मल्टिप्लेक्सच्या मानाने पडदे छोटे. सिनेमा चालू असताना खालून गाडी गेली की खुर्चीला हलकी थरथर जाणवते, मूकपट असला तर जास्तच. पूर्वी इथल्या खुर्च्या इतक्या अवघड होत्या की पुढे उंच माणूस बसला की अर्धा पडदा गेलाच म्हणून समजा. २०१८ साली नूतनीकरण झालं, खुर्च्या बदलल्या, उतार वाढवला आणि तीनाचे चार पडदे झाले. एका पडद्यावर कुठल्यातरी देशातला नवा सिनेमा, दुसऱ्यावर ओझू किंवा बस्टर कीटन, तिसऱ्यावर एखादा माहितीपट, असा रोजचा मामला. यांचं छापील वेळापत्रक माझ्या फ्रिजवर वर्षानुवर्षं असतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचतो आणि म्हणतो, "यातलं एकही नाव ऐकलेलं नाही." :)

आता इतिहास. या थेटरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर मॅकडूगल स्ट्रीट आहे आणि तिथे प्रोव्हिन्सटाऊन प्लेहाऊस नावाचं जुनं नाट्यगृह आहे. आता ती जागा न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीकडे आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये माया डेरेन नावाच्या बाईने ते भाड्याने घेतलं आणि स्वतः बनवलेले छोटे सिनेमे तिथे लावले. डेरेनचा जन्म १९१७ सालचा, कीव्हमधला. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली. नवऱ्याच्या साथीने १९४३ साली तिने "मेशेस ऑफ द आफ्टरनून" हा जेमतेम पाव तासाचा सिनेमा केला होता. गोष्ट नाही, संवाद नाहीत, नट म्हणजे ती स्वतः आणि तिचा नवरा. असलं काही कुठलंही थेटर लावणार नव्हतं. म्हणून तिने स्वतःच लावलं, आणि लोकांची झुंबड उडाली.

त्या गर्दीत एक पंचविशीतला तरुण होता, अमोस व्होगेल. जन्म १९२१, व्हिएन्ना. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर हे ज्यू कुटुंब जीव वाचवून बाहेर पडलं. सरकार ठरवेल तेवढंच बघायचं आणि वाचायचं म्हणजे काय असतं, हे या माणसाने कोवळ्या वयात पाहिलं होतं. डेरेनचं नाट्यगृह भरू शकतं तर अशा सिनेमांना प्रेक्षक आहे, फक्त त्यांची गाठ घालून देणारं कोणी नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने आणि त्याची बायको मार्शिया हिने त्याच प्रोव्हिन्सटाऊन प्लेहाऊसमध्ये पहिला कार्यक्रम केला. नाव ठेवलं सिनेमा १६. हे सिनेमे १६ मिलिमीटरच्या फितीवर असत, म्हणून सोळा.

कार्यक्रम चांगला चालला, आणि लगोलग दोन संकटं आली. एक पैशाचं. एकेका खेळाच्या तिकिटांवर विसंबायचं म्हणजे प्रत्येक वेळी जुगार. एका कार्यक्रमाच्या दिवशी नेमकं बर्फाचं वादळ आलं आणि हॉलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. हॉलचं भाडं मात्र पूर्ण द्यावं लागलं. असे आणखी दोन दिवस आले असते तर दुकान बंद.

दुसरं संकट सेन्सॉरचं. अमेरिकेत सेन्सॉर नव्हतं असं आपल्याला उगीचच वाटतं. न्यूयॉर्क राज्यात १९२१ पासून सार्वजनिक खेळ करायचा तर प्रत्येक सिनेमाला सरकारी परवाना लागत असे. त्यासाठी फी, संहिता, तपासणी, सगळं आलं. हॉलिवूडच्या कंपन्यांना ती फी म्हणजे चणे-फुटाणे, पण दहा मिनिटांचा प्रयोग करणाऱ्या कलाकाराला तीच जड. शिवाय देशाच्या सुप्रीम कोर्टाने १९१५ सालीच सांगून टाकलं होतं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. म्हणजे दाद मागायची सोयही नव्हती.

यावर तोडगा निघाला तो मेंबरशिपचा. परवाना लागतो सार्वजनिक खेळाला. पण संस्था खासगी असेल, नफ्यासाठी नसेल आणि आत फक्त सभासद असतील, तर तो खेळ सार्वजनिक नाही! म्हणजे दारावर तिकीट विकायचं नाही, हंगामाच्या सुरुवातीला वर्गणी घ्यायची आणि वर्षभर कार्यक्रम दाखवायचे. या एका बदलाने दोन्ही संकटं टळली. सेन्सॉर बाहेर राहिला आणि वर्षाचे पैसे आधी हातात आले.

ही युक्ती व्होगेलची स्वतःची म्हणता येणार नाही. लंडनमध्ये १९२५ साली द फिल्म सोसायटी निघाली होती, ती याच तत्त्वावर. बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स यांच्यासारखी मंडळी तिच्या पाठीशी होती. आयझेनस्टाईनच्या "बॅटलशिप पोटेमकिन"वर ब्रिटनमध्ये बंदी असताना नोव्हेंबर १९२९ मध्ये या सोसायटीने तो आपल्या सभासदांना दाखवला. म्हणजे ज्याच्याकडे सभासदत्व होतं त्याला तो सिनेमा बघता आला, बाकीच्या देशाला नाही. तेव्हा कोणी "मेंबरशिप परवडते का" असं विचारलं असेल तर त्या प्रश्नाचा अर्थ किती वेगळा होता बघा.

सिनेमा १६ वाढत गेलं. भर बहरात सभासदांची संख्या सात हजारांवर गेली. चोविसाव्या रस्त्यावर शिवणकाम शिकवणारी एक सरकारी शाळा होती, तिचं सोळाशे खुर्च्यांचं सभागृह ते भाड्याने घेत. तिथे काय दाखवत? सगळंच. पेशी कशी विभागते याची शास्त्रीय फिल्म, त्यानंतर एखादा अमूर्त प्रयोग, त्यानंतर युद्धावरचा माहितीपट. एकाच संध्याकाळी एकमेकांशी न पटणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी लावायच्या ही व्होगेलची मुद्दाम केलेली खोडी होती. केनेथ अँगरचा "फायरवर्क्स" इथे लागला, जो तेव्हा सार्वजनिक थेटरात लागणं अशक्यच होतं. जॉन कॅसाव्हेटीसच्या "शॅडोज"ची नव्याने जुळवलेली आवृत्ती नोव्हेंबर १९५९ मध्ये इथेच पहिल्यांदा दाखवली गेली. हिचकॉकसारखा माणूस इथे येऊन बोलून गेला.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी. सभासदांना काय बघायचं ते निवडता येत नसे. मतदान वगैरे भानगड नव्हती. निवड व्होगेलची. सभासदाने पैसे दिलेले असायचे ते पुढच्या वर्षभरात तो जे काही समोर ठेवेल त्याला. त्यातलं निम्मं आवडणार नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक घेतात तसंच काहीसं. पुस्तक हातात नाही, कधी येईल माहीत नाही, कसं असेल माहीत नाही, पण लेखकावर आणि प्रकाशकावर भरवसा ठेवून पैसे आधी द्यायचे. आणि त्या आधी दिलेल्या पैशावरच ते पुस्तक छापलं जातं. आपण म्हणतो "सवलत मिळाली". खरं तर आपण प्रकाशकाला भांडवल दिलेलं असतं आणि सवलत हे त्याचं व्याज असतं.

तिकीट आणि मेंबरशिप यांत मला हा फरक दिसतो. तिकीट काढताना आपल्याला ठाऊक असलेल्या सिनेमाची किंमत आपण देतो. वर्गणी भरताना आपण अजून नाव न ऐकलेल्या सिनेमांची किंमत देतो.

अर्थात हे सगळं गुलाबी नव्हतं. एकाच माणसाची निवड म्हटल्यावर भांडणं आली. तरुण प्रयोगशील दिग्दर्शकांना वाटू लागलं की व्होगेलच आमचा सेन्सॉर झाला. स्टॅन ब्रॅकेजच्या एका सिनेमाला त्याने नकार दिल्यावर ही धुसफूस वाढली आणि १९६२ साली जोनास मेकस आणि इतरांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, ज्यात कोणाचाच सिनेमा नाकारायचा नाही असा नियम. दुसरीकडे बाहेरचं जगही बदललं होतं. रोसेलिनीच्या "द मिरॅकल"वरून न्यूयॉर्कात मोठं रण माजलं, राज्याने परवाना काढून घेतला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५२ साली कोर्टाने आपलाच १९१५ चा निकाल फिरवला. सिनेमालाही भाषणस्वातंत्र्य आहे! तेव्हापासून सेन्सॉरची पकड ढिली होत गेली आणि १९६५ साली न्यूयॉर्कातली परवाना पद्धत बंदच झाली. परदेशी सिनेमे आता साध्या थेटरात तिकीट काढून बघता येऊ लागले.

म्हणजे सिनेमा १६ ज्या गोष्टीसाठी लढत होतं ती मिळू लागली, आणि त्यामुळेच मेंबर होण्याचं एक मोठं कारण गेलं. हॉलचं भाडं, टपाल, छपाई, फितींचा खर्च वाढतच होता. मुख्य आधार वर्गणीचा. १९६३ साली सिनेमा १६ बंद झालं. त्याच वर्षी व्होगेलने रिचर्ड राऊड यांच्याबरोबर न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हल सुरू केला, तो आजही भरतो. पण सात हजार सभासद असूनही संस्था टिकली नाही, हे मेंबरशिपचं गुणगान करताना विसरून चालणार नाही.

फिल्म फोरमची गोष्ट यानंतर सात वर्षांनी सुरू होते. १९७० साली अठ्ठ्याऐंशीव्या रस्त्यावरच्या एका जागेत पन्नास घडीच्या खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि वर्षाला एकोणीस हजार डॉलरचं अंदाजपत्रक, एवढाच पसारा. दोन वर्षांनी कॅरन कूपर या तरुण बाईंनी सूत्रं हातात घेतली आणि २०२३ पर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, त्यांनीच ते चालवलं. १९७५ मध्ये बिऱ्हाड व्हॅन्डॅम स्ट्रीटला गेलं. १९८० मध्ये वॉट्स स्ट्रीटवर दोन पडद्यांचं स्वतःचं थेटर बांधलं. १९८९ साली ती इमारत बांधकामासाठी पाडली गेली. बाकी कुणाचाही गाशा तिथेच गुंडाळला गेला असता. हे लोक १९९० मध्ये हाऊस्टन स्ट्रीटवर पुन्हा उभे राहिले.

फरक असा की व्होगेलच्या संस्थेचा भार मुख्यतः वर्गणीवर होता. फिल्म फोरम ही नफा न कमावणारी संस्था आहे, आणि तिथे तिकीट कोणालाही मिळतं, शिवाय देणग्या, अनुदानं आणि मेंबरांची वर्गणी. चार खांब. एक डगमगला तर बाकीचे तीन सांभाळतात. मेंबर हा त्यातला सगळ्यात जाड खांब नाही, पण तो दर वर्षी न सांगता येणारा खांब आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे न्यूयॉर्कातली सगळी थेटरं बंद झाली आणि पुढे जवळजवळ वर्षभर बंदच राहिली. त्या वर्षी मी एकही सिनेमा तिथे पाहिला नाही. भागाकारच करायचा तर भाजक शून्य. वर्गणी मात्र भरली. नवऱ्याने विचारलं, "बंद थेटराची मेंबरशिप?" मी म्हटलं, "उघडं ठेवायचं असेल तर आत्ताच भरायला हवी."

आता दादरचा धागा. १९४७ च्या नोव्हेंबरात सिनेमा १६ चा पहिला कार्यक्रम झाला, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी कोलकात्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती. पहिला सिनेमा कोणता दाखवला असेल? "बॅटलशिप पोटेमकिन"च! न्यूयॉर्कमधल्यांना कोलकात्याचं माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण दोन्हीकडचा मार्ग एकच, सभासद आणि वर्गणी. १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं.

माझे मोठे काका सत्तरच्या दशकात प्रभातचे सभासद होते. बँकेतली नोकरी, गिरगावात दोन खोल्या, घरात सात माणसं, आणि तरी वर्गणी वेळेवर. भारतातही तीच सोय होती. फक्त सभासदांसाठी असलेल्या फिल्म सोसायटीच्या खेळांना सेन्सॉरमधून सूट मिळत असे. परदेशी वकिलातींकडून आणि पुण्याच्या फिल्म अर्काइव्हकडून सिनेमे यायचे, त्यांना कात्री लागलेली नसायची. त्यामुळे त्या काळात सभासदांची संख्या भराभर वाढली ती सगळीच काही बर्गमनच्या प्रेमापोटी नव्हे, हे उघड गुपित होतं. :) आमच्या काकूचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सगळ्यांना न दाखवता मेंबरांनाच दाखवतात म्हणजे काय दाखवतात कोण जाणे!" काका तिला एकदा बरोबर घेऊन गेले. सिनेमा निघाला एका म्हाताऱ्या पेन्शनराचा आणि त्याच्या कुत्र्याचा. (डी सिकाचा "उम्बेर्तो डी" असणार.) काकू घरी येऊन रडली आणि त्यानंतर तिने ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

काकांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी यायची. सिनेमा कळला नाही तर ते म्हणायचे, "आपल्याला नाही कळला, पण आला हे बरं झालं." लहानपणी मला हे वाक्य अगदी वेडगळ वाटायचं. न आवडलेल्या सिनेमाचं कसलं कौतुक? आता वाटतं की मेंबर असण्याचं याहून नेमकं वर्णन मला तरी करता येणार नाही. स्वतःची आवड बाजूला ठेवून तो सिनेमा गावात आला याचा आनंद मानायचा, कारण तो कोणाला तरी कळेलच. टीव्ही आणि मग व्हिडिओ आल्यावर आपल्याकडे बऱ्याच सोसायट्या मिटल्या. पण प्रभात टिकली. तिचं "वास्तव रूपवाणी" हे नियतकालिक आमच्या घरात मी चाळत असे, लेख कळत नसत तेव्हापासून.

दोन उदाहरणं आणखी देते, म्हणजे दोन्ही बाजू समोर येतील.

मॅनहॅटनच्या वरच्या भागात लिंकन प्लाझा सिनेमाज नावाचं तळघरातलं थेटर होतं. १९८१ पासून डॅन टॅलबॉट आणि त्यांच्या पत्नी टोबी ते चालवत. सहा पडदे, बहुतेक प्रेक्षक सत्तरीच्या पुढचे, घरून सँडविच बांधून आणणारे. मला फार आवडायचं. तिकीट काढायचं, सिनेमा बघायचा, निघायचं. भाडेकरार वाढवून मिळाला नाही आणि जानेवारी २०१८ मध्ये ते बंद झालं. टॅलबॉट त्याच्या महिनाभर आधी गेले होते. हे टाळता आलं असतं का? मेंबर असते तरी जागेच्या मालकापुढे काही चाललं नसतं. फिल्म फोरमची इमारतही पाडली गेलीच होती. पण फिल्म फोरम ही इमारतीपेक्षा वेगळी अशी संस्था होती, तिचे लोक तिच्यामागून नव्या पत्त्यावर गेले. लिंकन प्लाझाच्या चाहत्यांनाही बंद झाल्यावर हेच सुचलं. आसपासच्या रहिवाशांनी एकत्र येऊन न्यू प्लाझा सिनेमा नावाची नफा न कमावणारी संस्था काढली आणि दुसऱ्यांच्या सभागृहांत सिनेमे दाखवायला सुरुवात केली. थेटर गेलं, मग प्रेक्षकांनी संस्था केली. क्रम उलटा, पण गेलं त्यातलं काहीतरी राहिलं.

दुसरं उदाहरण मूव्हीपासचं. ऑगस्ट २०१७ मध्ये या कंपनीने जाहीर केलं, महिन्याला नऊ डॉलर पंच्याण्णव सेंट भरा आणि रोज एक सिनेमा बघा. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी घेतला. वर्षभरात तीस लाखांवर लोक झाले. भागाकार केला तर याहून परवडणारी मेंबरशिप जगात झाली नसेल. पण तिकिटाची पूर्ण किंमत कंपनी थेटरांना देत होती, त्यामुळे लोक जितके जास्त सिनेमे बघत तितकी ती खड्ड्यात जात होती. सप्टेंबर २०१९ मध्ये सेवा बंद, जानेवारी २०२० मध्ये दिवाळं. त्या पासाने कुठलंही थेटर उभं राहिलं नाही की कुठला नवा सिनेमा गावात आला नाही. आपल्याला जास्तीत जास्त किती परवडतं एवढाच ज्या मेंबरशिपचा पाया, ती समोरच्याला परवडत नाही.

शेवटी एक आठवण, कारण तिच्यात हे दोन्ही किनारे एकत्र येतात. "पथेर पांचाली" सप्टेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू प्लेहाऊस या लहानशा थेटरात लागला आणि आठ महिने चालला. कोलकात्याच्या फिल्म सोसायटीत परदेशी सिनेमे बघत तयार झालेल्या माणसाचा पहिला सिनेमा, न्यूयॉर्कच्या परदेशी सिनेमे दाखवणाऱ्या थेटरात. पुढे १९९३ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत अपूच्या तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. बरीच वर्षं आपण जे पाहिलं ते पुसट, ओरखडे पडलेलं. मग बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी त्या जळक्या फिती हाताने दुरुस्त केल्या, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींमधून भरलं, आणि मे २०१५ मध्ये तिन्ही सिनेमे फिल्म फोरमला लागले.

मी तिन्ही पाहिले, एकामागून एक तीन शनिवारी. "पथेर पांचाली" मी आधी दूरदर्शनवर पाहिला होता. पण काशाच्या शेतातून आगगाडी बघायला धावणारी दुर्गा आणि अपू इतके स्वच्छ मला कधी दिसले नव्हते. आणि पडद्यावरची आगगाडी जवळ येत असतानाच नेमकी खालून एक नंबरची सबवे गेली. अख्ख्या थेटराच्या खुर्च्या थरथरल्या. कोणी हसलं नाही.

तर, परवडते का? माझं आजचं मत असं. तुमच्या गावात असं एखादं थेटर किंवा सोसायटी असेल आणि तुम्ही महिन्यातून एकदा जात असाल, तर डोळे झाकून घ्या, पैसे वसूल आहेत. वर्षातून चार-पाचदाच जात असाल पण ते बंद पडलं तर चुटपुट लागणार असेल, तरीही घ्या, आणि सवलतीचा हिशेब करू नका. गणपतीच्या वर्गणीचा करतो का आपण? वर्षातून एकदाच, तेही कोणी ओढून नेलं तर जात असाल, तर तिकीट काढा आणि मजा करा, त्यातही काही कमीपणा नाही. तिकीट हाही चारातला एक खांब आहेच. फक्त एक करा, घेण्याआधी पैसे कोणाकडे जातात ते बघा. नफा न कमावणाऱ्या संस्थेची वर्गणी आणि कंपनीचा सवलतीचा पास या दिसायला सारख्या पण वेगळ्या गोष्टी आहेत.

यंदाची माझी वर्गणी भरून झाली आहे. तुमच्यापैकी कोणी प्रभातचे किंवा तुमच्या गावच्या सोसायटीचे जुने सभासद असाल, तर त्या दिवसांबद्दल जरूर लिहा. विशेषतः कळला नाही पण आला हे बरं झालं, असा तुमचा सिनेमा कोणता ते.